फेरारीचा कर कोणी भरला?

‘फेरारी की सवारी’ या चित्रपटाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. आरटीओत कारकुनी करणारा रुस्तम देबू, घरचं नाव रुसी, पोराला स्कूटरवर बसवून निघालेला असतो आणि त्याच्या हातून लाल सिग्नल तुटतो. शिट्टी वाजलेली नसते, कोणी अडवलेलं नसतं. तरी रुसी वाहतूक पोलिसाला हुडकून काढतो आणि माझ्याकडून दंड घ्या म्हणून त्याच्या मागे लागतो. पोलिसाला हा माणूस अर्धवट वाटतो. प्रेक्षक हसतात.

पुढे हाच रुसी सचिन तेंडुलकरची लाल फेरारी त्याला न विचारता घराबाहेर काढतो. पोराला क्रिकेटच्या शिबिरासाठी लॉर्ड्सला पाठवायचं असतं, हाताशी दीड लाख नसतात आणि एका पुढाऱ्याच्या चिरंजिवाला लग्नाच्या वरातीसाठी फेरारीच हवी असते. १५ जून २०१२ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट राजेश मापुसकर या मराठी दिग्दर्शकाचा पहिलाच. पुढे त्यांनीच मराठीत ‘व्हेंटिलेटर’ केला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. शर्मन जोशी, बोमन इराणी आणि ऋत्विक साहोरे हे तिघे पडद्यावर तीन पिढ्यांचे देबू झाले. विद्या बालनची मराठी ठसक्याची ‘मला जाऊ दे’ लावणीही त्यातलीच.

पडद्यावर दिसलेली ती गाडी नकली नव्हती. एकेकाळी सचिनच्याच नावावर असलेली ती फेरारी ३६० मोदेना होती. आणि न मागता दंड भरणाऱ्या नायकाने जी गाडी चालवली, त्या गाडीचा कर भरायचा की नाही आणि भरायचा तर कोणी, यावर चित्रपटाच्या नऊ वर्षं आधी सगळा देश भांडला होता. पटकथा लिहिणाऱ्यांच्या मनात हे होतं की नव्हतं ते तेच जाणोत. पण ते प्रकरण माहीत असलेल्याला रुसीचा सिग्नलवरचा प्रसंग नुसता विनोदी वाटत नाही.

गोष्ट नीट लावायची तर फेरारीच्याही सतरा वर्षं मागे, मेलबर्नला जावं लागतं. १० मार्च १९८५. बेन्सन अँड हेजेस जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. पाकिस्तानने ९ बाद १७६ केल्या. श्रीकांतने ६७ फटकावल्या आणि रवी शास्त्री एका टोकाला ठाण मांडून नाबाद ६३ वर राहिला. दुसऱ्या टोकाला अखेरीस दिलीप वेंगसरकर होता. भारताने आठ गडी राखून सामना जिंकला. कर्णधार सुनील गावसकर. म्हणजे त्या संध्याकाळी मेलबर्नला मुंबईचं दादर-माटुंगाच अवतरलं होतं म्हणायला हरकत नाही. संपूर्ण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून शास्त्रीला ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ किताब आणि एक ऑडी १०० मिळाली. मग अख्खा संघ त्या गाडीवर, टपावर, बॉनेटवर, जागा मिळेल तिथे चढला आणि शास्त्रीने ती भरल्या मैदानातून फिरवली. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक क्रिकेटवेड्याच्या डोक्यात ते चित्र पक्कं बसलेलं आहे.

तेव्हा ऑडी म्हणजे काय हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक होतं? देशात रस्त्यावर दिसायच्या त्या अँबेसिडर आणि पद्मिनी. मारुती ८०० ला येऊन सव्वा वर्ष झालं होतं, तिची नोंदणी केलेले लोक नंबर लागण्याची वाट बघत होते. अळणावरला आमच्याकडे गाडीपेक्षा रेल्वेची ओळख जास्त. लोंढ्याकडे जाणारी मुख्य लाइन आणि दांडेलीचा फाटा यांवर पोसलेलं हे जंक्शन. चारचाकी म्हणजे लाकडाचे ट्रक आणि एखाद्या डॉक्टरची फियाट. जर्मन बनावटीची लांबलचक, गुळगुळीत, वारा कापत जाईल अशी आखलेली सेदान आमच्या कल्पनेतही नव्हती. ऑडी १०० च्या त्या पिढीचा वाऱ्याला होणारा विरोध मोजला तर आकडा ०.३० भरायचा आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जगभरचे अभियंते त्या आकड्याकडे आदराने बघत. आम्हाला एवढंच कळलं की आपल्या रवीला ‘फॉरेन’ची गाडी मिळाली.

ती बोटीने मुंबईला आली. सरकारने तिच्यावरचा आयात कर माफ केला आणि कोणी हूं की चूं केलं नाही. उलट करमाफी हा बक्षिसाचाच एक भाग आहे अशी सगळ्यांची समजूत होती.

आता २००२. एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर सचिनने वेस्ट इंडिजविरुद्ध ११७ धावा केल्या आणि भारताने तो सामना ३७ धावांनी जिंकला. ते सचिनचं २९ वं कसोटी शतक. डॉन ब्रॅडमनचीही शतकं २९ च. ब्रॅडमनला ती ५२ कसोट्यांत जमली, सचिनला त्याहून बरेच सामने लागले, पण ब्रॅडमन जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि स्वतः डॉनने या मुलाच्या खेळात आपला खेळ दिसतो म्हटलेलं सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे या बरोबरीला एक घरगुती जिव्हाळा होता.

सचिन त्या वेळी फियाटचा चेहरा होता. फियाटने कुर्ल्याच्या कारखान्यातून पालिओ ही छोटी गाडी बाजारात उतरवली होती आणि तिची सचिनच्या नावाची ‘एस१०’ अशी खास आवृत्तीही काढली. फियाटची १९६९ पासून फेरारीत भागीदारी. तेव्हा आपल्या माणसाच्या २९ व्या शतकाला साजेशी भेट कोणती, हे इटलीत बसलेल्यांना फार शोधावं लागलं नसेल. जुलैमध्ये भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश ग्रां प्री होती. तिथे मायकेल शूमाकरने सचिनला फेरारीची किल्ली दिली. ७ जुलैची ती शर्यत शूमाकरनेच जिंकली. ऑगस्टमध्ये लीड्सला सचिनने १९३ काढून ब्रॅडमनला मागेही टाकलं.

गाडी कशी होती? ३६० मोदेना हे नाव फेरारीच्या संस्थापकाच्या जन्मगावाचं. ३.६ लिटरचं व्ही-८ इंजिन चालकाच्या पाठीमागे, काचेच्या झाकणाखाली, मागून येणाऱ्याला दिसेल असं ठेवलेलं. मिनिटाला ८,५०० फेऱ्यांवर ४०० अश्वशक्ती. थांबलेल्या अवस्थेतून १०० चा वेग साडेचार सेकंदांत. आधीच्या फेरारींचा सांगाडा पोलादी असे, हिचा सांगाडा आणि पत्रा दोन्ही अॅल्युमिनियमचे, ते काम अल्कोआ या अमेरिकी कंपनीच्या मदतीने झालेलं. पिनिनफरिना यांनी घडवलेली तिची रेखा अजून जुनी वाटत नाही. हे अॅल्युमिनियम पुढे, गाडी म्हातारी झाल्यावर, कामाला येणार आहे, म्हणून इथे सांगून ठेवतो.

गाडी भारतात आणायची म्हटल्यावर सीमाशुल्काचा प्रश्न आला. त्या वेळी अशा गाडीवरचा कर शंभर टक्क्यांहून जास्त, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षाही मोठा. रक्कम निघाली १ कोटी १३ लाख रुपये. स्पर्धेत जिंकलेल्या बक्षिसांना करात सवलत मिळण्याची वाट नियमांत होती. ही फेरारी मात्र स्पर्धेत जिंकलेली नव्हती. ती एका कंपनीने आपल्या जाहिरातीच्या चेहऱ्याला दिलेली भेट होती. केंद्राने तरीही २००३ मध्ये कर माफ केला.

मग गदारोळ उठला. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, न्यायालयाने नोटिसा काढल्या. वर्तमानपत्रांची वाचकांच्या पत्रांची पानं भरून वाहू लागली. एकीकडचे म्हणत, ज्या माणसाने देशाला एवढा आनंद दिला त्याच्याकडून कर कसला घेता. दुसरीकडचे म्हणत, शाळेच्या मास्तराचा पगार हातात पडण्याआधी कर कापता आणि कोट्यधीशाच्या फेरारीला सूट देता? आमच्याकडच्या चहाच्या टपरीवरही दोन तट पडले होते. गंमत म्हणजे त्यांतल्या एकानेही आयुष्यात फेरारी पाहिलेली नव्हती.

मला स्वतःला यात सचिनपेक्षा काळ जास्त दिसतो. १९८५ मध्ये परदेशी गाडी ही वस्तूच इतकी अपूर्व होती की ती देशाच्या दारात आली हाच सण होता. शिवाय शास्त्रीने ती मैदानावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मिळवली होती. २००३ पर्यंत बाजार खुला होऊन बारा वर्षं झाली होती, खेळाडूंच्या जाहिरातींचे आकडे लोकांच्या तोंडी होते. लोकांनी सचिनवर प्रेम करणं कमी केलं नाही, पण प्रेमाच्या खात्यातून कंपनीचं बिल फेडायला ते तयार नव्हते. हा फरक त्या वादात ओरडणाऱ्या दोन्ही बाजूंना नीटसा मांडता आला नाही. शेवटी वाद फियाटने सोडवला. कंपनीने कराची रक्कम स्वतः भरली आणि प्रकरण मिटलं.

पालिओ जिथे बनायची त्याच कुर्ल्याच्या आवारात वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने दशकानुदशके फियाटच्या परवान्यावर गाड्या बांधल्या होत्या आणि त्यातूनच मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली होती. फेरारीच्या कराचा गदारोळ ज्या वर्षी चालला त्याच वर्षी, २९ ऑक्टोबर २००३ रोजी, ताडदेवच्या आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली. वीस वर्षांची मुदत संपून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा मुंबईकरांनी तिचे फोटो काढले, अग्रलेख लिहिले, एखादी तरी जपा म्हणून मागणी केली. फियाटच्या घराण्यातली ही थोरली, राबणारी बहीण. तिच्यासाठी १ कोटी १३ लाख कोणी मोजले नसते, पण तिच्यात बसून मुंबईत न फिरलेला मराठी माणूस विरळाच.

फेरारी मुंबईत राहिली. खाली टेकेल इतकी बुटकी गाडी, मुंबईचे गतिरोधक आणि पावसाळ्यातले खड्डे. वेगाला मोकळा रस्ता मिळणार तो मध्यरात्रीनंतरच. २०११ मध्ये सचिनने ती सुरतेतल्या एका उद्योजकाला विकली. त्यावरही थोडी कुजबुज झाली, भेट मिळालेली वस्तू विकतात का वगैरे. मला ती निरर्थक वाटते. भेटीची असली तरी गाडी म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. चालली नाही तर ती बिघडते आणि फेरारी तर इतर कोणत्याही गाडीपेक्षा लवकर.

नव्या मालकाकडून ती चित्रपटाकडे आली. २०१२ चा तो उन्हाळा आठवून पाहा. १६ मार्चला मीरपूरला सचिनचं शंभरावं आंतरराष्ट्रीय शतक, ४ जूनला राज्यसभेची शपथ आणि १५ जूनला पडद्यावर त्याची जुनी गाडी. चित्रपटाने फार मोठा धंदा केला नसेल, पण एक गोष्ट त्याने केली. ज्या गाडीला लोक ‘करमाफीवाली’ म्हणून ओळखत होते, तिला त्याने पोराच्या स्वप्नाची गाडी करून टाकलं. आज तरुण मुलांना विचारा, त्यांना १.१३ कोटी आठवत नाहीत, रुसीचा पोर कायो देबू आठवतो.

चित्रीकरण ही मात्र गाडीच्या प्रकृतीला मानवणारी गोष्ट नव्हे. प्रेक्षकाला वाटतं, गाडीने काय करायचं, धावायचं. प्रत्यक्षात ती धावते थोडी आणि सरकते जास्त. दहा फूट पुढे घ्या, थांबा, मागे घ्या, दिवा हलवला आहे, पुन्हा पुढे घ्या. उच्च गतीसाठी बांधलेलं इंजिन तासन् तास मंद फेऱ्यांवर तापत राहतं आणि अशा चालीत क्लच झिजतो तसा शर्यतीतही झिजत नाही. गाडी पॅडलने गिअर टाकायची असो की दांड्याने, क्लचची प्लेट एकच असते. त्यात पत्र्यावर कॅमेरे अडकवायचे, रबरी चोषक चिकटवायचे, आत-बाहेर करणाऱ्यांचे पट्ट्याचे बक्कल दारावर घासणार. चित्रपटातून परतलेल्या कुठल्याही गाडीच्या अंगावर हे सगळं कोरलेलं असतं.

इथूनच जुन्या गाड्या उभ्या करणाऱ्यांचा खरा पेच सुरू होतो. चित्रपटात वापरलेली गाडी दुरुस्त करायची म्हणजे ती नेमक्या कोणत्या दिवशी होती तशी करायची? कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशी, की चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी होती तशी?

जगात याची उत्तरं वेगवेगळी दिली गेली आहेत. जेम्स बाँडच्या १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मधली अॅस्टन मार्टिन डीबी५ घ्या. चित्रीकरण आटोपल्यावर खुद्द कंपनीनेच तिच्यातली बंदुका, फिरत्या नंबरप्लेट वगैरे करामती काढून टाकल्या आणि १९६८ मध्ये ती साधी जुनी गाडी म्हणून विकली. पुढच्या एका मालकाने त्या करामती पुन्हा बसवून घेतल्या. १९९७ मध्ये ती फ्लोरिडातल्या एका विमानतळावरच्या हँगरमधून चोरीला गेली. दुसरीकडे, ‘थंडरबॉल’च्या प्रचारासाठी तशाच सजवलेल्या आणखी दोन डीबी५ होत्या. त्या पडद्यावर कधी आल्याच नाहीत. त्यांतली एक टेनेसीच्या संग्रहालयात पस्तीस वर्षं उभी राहिली, मग स्वित्झर्लंडमध्ये रूस इंजिनिअरिंगने कित्येक वर्षं खपून तिची प्रत्येक करामत पुन्हा चालती केली आणि २०१९ मध्ये ती ६३ लाख ८५ हजार डॉलरला गेली. पडद्यावर न गेलेल्या गाडीला पडद्यावरच्या रूपात ‘मूळ स्थितीत’ आणली, हे वाक्य ज्याला सरळ वाटेल त्याने पुन्हा वाचावं.

याच्या उलट १९६८ च्या ‘बुलिट’मधली मस्टँग. ती न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली आणि घरची बाई तीच घेऊन शाळेत शिकवायला जाई. स्टीव्ह मॅक्क्वीनने १९७७ मध्ये पत्र लिहून गाडी परत मागितली, त्यांनी दिली नाही. त्या कुटुंबाने तिला रंग दिला नाही, पोचे काढले नाहीत, तळाशी कॅमेऱ्यासाठी जोडलेल्या खुंट्याही तशाच ठेवल्या. जानेवारी २०२० मध्ये लिलावात शुल्कासह तिचे ३७ लाख ४० हजार डॉलर आले. म्हणजे बाजाराने एका गाडीत दुरुस्तीला मोल दिलं आणि दुसऱ्या गाडीत दुरुस्ती न केल्याला.

मला मस्टँगवाल्या कुटुंबाची बाजू जवळची वाटते, पण भारतात ती परवडत नाही. आपल्या हवेत न दुरुस्त करता ठेवलेली गाडी जशीच्या तशी राहत नाही, ती हळूहळू संपते. फेरारी ३६० च्या बाबतीत तर यादीच सांगता येते. इंजिनच्या झडपा ज्या दातेरी पट्ट्यांवर चालतात त्या पट्ट्या दर तीन वर्षांनी बदला असं कंपनीचं सांगणं आहे, मग गाडी हजार किलोमीटर चाललेली असो की नुसती उभी असो. पट्टा तुटला की झडपा पिस्टनवर आदळतात आणि इंजिनचा भुगा होतो. याआधीच्या ३५५ मध्ये एवढ्यासाठी सगळं इंजिन खाली उतरवावं लागे. ३६० मध्ये आसनांमागचं झाकण उघडून ते काम होतं, हा मोठाच दिलासा. त्या काळातल्या फेरारींच्या आतल्या बटणांवर आणि झाकणांवर मऊ रबरी मुलामा असायचा. उष्ण, दमट हवेत तो वितळून गुळासारखा बोटांना चिकटू लागतो, तेव्हा बटणं काढून, मुलामा खरवडून, पुन्हा रंगवून बसवावी लागतात. इंधन टाकीत पडून राहिलं तर त्याचा डिंक होतो. टायर झिजत नाहीत पण दगड होतात.

आणि अॅल्युमिनियम. आपल्याकडचा डेंटर म्हणजे ठोकपीट करून पत्र्याला जीव देणारा कलावंत. हुबळी-धारवाडकडच्या गॅरेजांत असे मिस्त्री मी पाहिले आहेत, जे हाताने चाचपून पत्र्यातला पाव मिलिमीटरचा उंचवटा सांगतात. पण त्यांचा हात पोलादावर तयार झालेला. पोलाद तापवलं की लाल होऊन सांगतं की आता ठोका. अॅल्युमिनियम रंग न बदलता एकदम वितळून ओघळतं. ते जोडायचं तर हवा लागू नये म्हणून आर्गॉन वायूखाली वेल्डिंग करावं लागतं. त्यात ते पोलादाच्या स्क्रूला टेकलं आणि मुंबईची खारी हवा लागली की दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होऊन अॅल्युमिनियमच खाल्लं जातं, वरून रंग मात्र तुळतुळीत.

फेरारीने जुन्या गाड्यांसाठी ‘क्लासिके’ नावाचा विभाग काढला आहे. वीस वर्षं पूर्ण केलेल्या गाडीची मारानेल्लोच्या कारखान्याचे जाणकार तपासणी करतात, इंजिन-गिअरबॉक्सचे क्रमांक कारखान्याच्या दप्तराशी ताडून पाहतात आणि सगळं जुळलं तर लाल पुठ्ठ्याचं प्रमाणपत्र देतात. २००२ ची गाडी २०२२ मध्येच या वयात आली. पण त्या दप्तराच्या लेखी मूळ स्थिती एकच, कारखान्याच्या दारातून बाहेर पडतानाची. पोर्ट ऑफ स्पेन, दिल्ली उच्च न्यायालय, कायो देबू, यांची त्यात नोंद नाही आणि असायचं कारणही नाही.

तिकडे शास्त्रीच्या ऑडीचं भाग्य अधिक सरळ निघालं. ती एकाच घरात राहिली. विकली गेली नाही, पडद्यावर गेली नाही, वाळत-गंजत उभी राहिली खरी, पण कागदपत्रं आणि मालक तेच. सदतीस वर्षांनी गौतम सिंघानिया यांच्या सुपर कार क्लब गॅरेजने ती उलगडली. सुमारे आठ महिने काम चाललं आणि जून २०२२ मध्ये, साठी नुकतीच पूर्ण केलेल्या शास्त्रीच्या हाती ती चालती, चकचकीत अशी परत आली. ही देशाची ठेव आहे, ही गाडी भारतीय संघाची आहे, असं त्याने जाहीरपणे म्हटलं. १९८५ मध्ये कर माफ करताना सरकारची आणि लोकांचीही हीच समजूत होती. त्या ऑडीच्या बाबतीत ‘कोणत्या दिवसासारखी करायची’ हा प्रश्न कुणाला पडला नसावा. उत्तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं: १० मार्च १९८५.

फेरारीला असा एक दिवस नाही. सिल्व्हरस्टोनचा, कर भरल्याचा, मुंबईतल्या रात्रींचा, चित्रीकरणाचा, असे चार आहेत आणि चारांचे जाणते चार. मला विचारलं तर मी चित्रीकरणाचा दिवस निवडेन. फेरारी म्हणून तिच्यासारख्या हजारो मोदेना कारखान्यातून निघाल्या. सचिनची म्हणून तिने नऊ वर्षं काढली, पण ती बंद दारांमागे. सामान्य माणूस तिच्यात बसला तो रुसीबरोबरच. दारावर कॅमेऱ्याचा ओरखडा सापडला तर तो भरू नये, असं माझं मत. मारानेल्लोचे लोक नाराज होतील.

त्याआधी कायद्याचं काय ते पाहावं लागेल. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यायची. १ एप्रिल २०२२ ला आयात केलेल्या मोटारीसाठी या वाढीची फी ४०,००० रुपये करण्यात आली होती, देशी गाडीसाठी ५,०००. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले, त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट दिली. त्यातली मुख्य अट म्हणजे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली असावीत. म्हणजे पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत गाडी ना नवी, ना वारसा. नेमकी याच वयात ती भंगारात जाते. तिचे सुटे भाग बनायचे थांबलेले असतात, मिस्त्री निवृत्त झालेला असतो, मालकाची पुढची पिढी तिच्याकडे जागा अडवणारी वस्तू म्हणून बघते. आमच्या धारवाडकडच्या किती फियाट आणि किती हेराल्ड याच वयात कुर्ल्याच्या नाहीतर हुबळीच्या भंगारात तोलल्या गेल्या असतील.

शास्त्रीची ऑडी या खिंडीतून जवळजवळ पार झाली आहे, २०३५ नंतर तिला व्हिंटेजची पाटी लागू शकेल. सचिनच्या फेरारीला २०५३ च्या आसपासपर्यंत थांबावं लागेल. तोवर दर पाच वर्षांनी कुठल्या तरी आरटीओत तिची फाइल एका कारकुनाच्या टेबलावर येत राहील आणि फी कोणी भरायची यावर या वेळी वाद होणार नाही, मालकालाच भरावी लागेल.